नांदी उशिरा येणाऱ्यांसाठी

आमच्या आईनं ‘आभाळमाया’चं शीर्षकगीत कधी पाहिलं नाही. ऐकलं मात्र भरपूर. नारायण पेठेतला वाडा सोडून आम्ही तेव्हा कोथरूडला फ्लॅटमध्ये आलो होतो. टीव्ही हॉलमध्ये, ओटा आत, मध्ये एक भिंत आणि मण्यांचा पडदा. देवकी पंडितांचा आवाज त्या पडद्यातून आत गेला की पोळपाटाचा ठेका बदलायचा. लाटलेली पोळी तव्यावर पडायची, गॅस बारीक व्हायचा, कणकेच्या गोळ्यावर ताटली पालथी घातल्याचा आवाज यायचा. नॅपकिनला हात पुसत आई दारात येईपर्यंत गाणं संपून पहिला प्रसंग सुरू झालेला असायचा. ‘काय झालं?’ असं तिनं कधी विचारलं नाही. गाणं संपता संपता आपण पोचलो म्हणजे वेळेवर पोचलो, हा तिचा हिशोब होता आणि तो चुकत नसे.

वाड्यात असताना आजी कुठल्याही मालिकेच्या शीर्षकगीताला ‘नांदी’ म्हणायची. आम्ही हसायचो. ‘हम लोग’ची नांदी, ‘रामायणा’ची नांदी, इतकंच काय, बातम्यांच्या आधी ते दूरदर्शनचं चिन्ह गरगर फिरत यायचं, तीसुद्धा तिच्या लेखी नांदीच. ती संगीत नाटकांच्या काळातली. एकदा मी शहाणपणा करून तिला सांगितलं, की नांदी म्हणजे देवाची स्तुती, विघ्न येऊ नये म्हणून. तर म्हणाली, “देवाला कशाला हवी रे स्तुती? नांदी असते उशिरा येणाऱ्यांसाठी. पोरं निजवून, भांडी आवरून निघायचं म्हणजे तिसरी घंटा कुणाला मिळायची? नांदी चालू असेपर्यंत अंधारात जागा शोधायची, बसायचं, पदर सावरायचा. तेवढ्यात राजा येतो.”

नाट्यशास्त्रात असं काही लिहिलेलं नाही. पण आजीच्या बोलण्यात शास्त्र नव्हतं असं नाही, हे मला फार उशिरा कळलं.

अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ पुण्यात, बुधवार पेठेतल्या आनंदोद्भव नाट्यगृहात 31 ऑक्टोबर 1880 ला पहिल्यांदा झालं. त्याच्या मुळाशी कालिदासाचं नाटक. ते सुरू कसं होतं, पाहा. नांदी होते, सूत्रधार नटीला बाहेर बोलावतो आणि सांगतो, की आज समोर बसलेली मंडळी बहुतेक जाणकार आहेत, तेव्हा जरा जपून. म्हणजे प्रेक्षक कोण, हे पहिल्या मिनिटात ठरलं. मग नाटकाचं नाव सांगून होतं. मग नटी उन्हाळ्यावर एक गाणं म्हणते, सूत्रधार त्या गाण्यात इतका हरवतो की कुठलं नाटक करायचं हेच विसरतो, आणि भानावर आल्यावर म्हणतो, तुझ्या गाण्यानं मला असं ओढून नेलं, जसं त्या हरणानं राजा दुष्यंताला. की आलाच राजा, हरणामागे! पात्राची ओळख, नाटकाची जात, समोर कोण बसलंय याचा अंदाज आणि एक गाणं. मालिकेच्या शीर्षकात आज जे जे कोंबतात ते सगळं यात आहे, आणि राजाला कॅमेऱ्याकडे वळून स्मित करावं लागलेलं नाही.

वाड्यातला आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता. अँटेना कौलांवर, तोंड सिंहगडाकडे, कारण दूरदर्शनचा मनोरा गडावर. वारा सुटला की अँटेना फिरायची आणि पडद्यावर मुंग्या यायच्या. फिरवायचं काम माझ्याकडे, कारण घरात सगळ्यात हलका मीच आणि कौलं फुटली तर मालक आईला बोलणार. खालून दादा ओरडायचा, “आल्या… आल्या… गेल्या! थांब तिथंच!” हे सगळं व्हायचं ते शीर्षकं चालू असतानाच. मालिका सुरू झाल्यावर कोण वर चढणार? त्यामुळे ‘महाभारता’ची कितीतरी शीर्षकं मी कौलांवर उकिडवा बसून ऐकली आहेत. खाली पाच बिऱ्हाडांतून एकाच वेळी महेंद्र कपूर गात असायचे. चॅनेल एकच, म्हणून सूर एकच. फक्त मालकांचा टीव्ही मोठा, म्हणून त्यांच्याकडचे महेंद्र कपूर जरा जास्त जोरात. मी खाली उतरून दारात पोचेपर्यंत हरीश भिमाणींचा ‘समय’ बोलायला लागलेला असायचा. म्हणजे आईसारखाच मीही शीर्षकं कानांनीच पाहिली.

यातून मला एक गोष्ट पक्की वाटत आली आहे. टीव्हीची शीर्षकं पाहण्यासाठी बनतच नसत. सिनेमाचं वेगळं. तिथं माणूस तिकीट काढून अंधारात बसलेला असतो, पळून जाणार नसतो. घरातला टीव्ही रिकाम्या खोलीसमोर सुरू व्हायचा आणि शीर्षकगीताचं पहिलं काम असायचं ती खोली भरणं. ती हाक होती. आणि हाक कुणाला आहे ते नावावरून नाही, सुरावरून कळतं. आई ‘अरे’ म्हणाली तरी दादाला कळायचं की त्याला आहे आणि मला कळायचं की मला नाही.

‘मालगुडी डेज’ची हाक आम्हा पोरांना होती. एल. वैद्यनाथन यांची ती धून शब्दांवाचून गुणगुणलेली. शब्द नाहीत म्हणून ती कन्नडही होती, हिंदीही आणि नारायण पेठेतलीही. तिच्यासोबत आर. के. लक्ष्मण यांची रेखाटनं. मला वाटतं, मालिका म्हणजे काय असतं हे मला त्या शीर्षकांनी शिकवलं. शंकर नाग यांनी खरी माणसं, खरी घरं, कर्नाटकातल्या आगुंब्याचा खरा पाऊस कॅमेऱ्यात पकडला होता, पण सुरुवात मात्र काळ्या रेघांनी. त्या रेघा सांगायच्या, की हे गाव कुणाच्या तरी हातून कागदावर उतरलेलं आहे, नकाशात शोधू नका. आणि रेघ थोडी वाकडी आहे, म्हणजे कुणी मरणार नाही, फार तर स्वामीला शाळेत मार बसेल. एवढा दिलासा मिळाला की पोरं मांडी घालून बसतात. लक्ष्मण शेवटची वर्षं पुण्यातच राहिले, इथंच 26 जानेवारी 2015 ला गेले. सेनापती बापट रस्त्यावर सिम्बायोसिसच्या आवारात त्यांच्या कॉमन मॅनचा पुतळा आहे. तिथून जाताना मला कधीच व्यंगचित्र आठवत नाही, ती धून आठवते. मान्य आहे, हा लक्ष्मणांवर अन्याय आहे.

‘भारत एक खोज’नं मात्र मला फसवलं. श्याम बेनेगलांची 53 भागांची मालिका, 1988 मधली, नेहरूंच्या ग्रंथावरची. वनराज भाटियांचं संगीत. शीर्षकांना ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्त, आधी संस्कृतात, मग वसंत देवांच्या हिंदीत. सृष्टीच्या आधी काहीच नव्हतं, सतही नव्हतं, असतही नव्हतं, हे तो समूहस्वर असं काही सांगायचा की माझ्या पोटात गोळा यायचा. बाबा वर्तमानपत्राची घडी करून ताठ बसायचे. ही हाक बाबांना होती, हे उघड आहे. पण मला ती लागली ती चुकीच्या जागी. मला कितीतरी आठवडे वाटत होतं, की ही भुताची मालिका आहे आणि भूत यायला उशीर होतोय. नेहरू झालेले रोशन सेठ टोपी घालून बोलायला लागले की मी दादाला विचारायचो, “हाच का?”

शीर्षकानं मालिकेची जात सांगावी, ही अपेक्षा मुलं फार कडक ठेवतात. मोठी माणसं चूक झाली तरी शिष्टाचार म्हणून अर्धा तास बसतात.

बाबांचा शीर्षकांशी आणखी एक व्यवहार होता, नावं वाचण्याचा. मराठी मालिका लागली की श्रेयनामावली ते मोठ्यानं वाचायचे आणि प्रत्येक नावापुढे टिपणी. “हा? हा पुरुषोत्तमला होता. मी पाहिलाय त्याला भरत नाट्य मंदिरात.” कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेचा हा पुरुषोत्तम करंडक 1963 पासून आहे, त्यामुळे हे निम्म्या नावांबद्दल खरं असू शकतं. बाबा ते सगळ्याच नावांबद्दल म्हणायचे, संकलकाबद्दलसुद्धा. पुण्यात शीर्षकं वाचण्यामागचा खरा हेतू हाच असतो, कोण आपल्यातलं आहे ते पाहणं. आणि त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. दूरदर्शनच्या लोकांना शिकवणारा विभाग 1974 मध्ये दिल्लीहून इथं फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आला. ती इन्स्टिट्यूट उभी प्रभातच्या जागेत, आणि प्रभातचं बोधचिन्ह म्हणजे तुतारी फुंकणारी बाई. सिनेमा सुरू होण्याआधी ती वाकून तुतारी फुंकायची. आजीच्या मते ती पण नांदीच, फक्त एका सुराची. मी सिनेमातल्या चिन्हांचा अभ्यासक नाही, पण तुतारीइतकं नेमकं चिन्ह मला दुसरं दिसलेलं नाही. तुतारी बघायची वस्तूच नव्हे. ती वाजली की लोक घराबाहेर येतात.

मग केबल आली आणि वाड्याचा सूर फुटला. मालकांकडे हिंदी, आमच्याकडे मराठी, मागच्या बिऱ्हाडात क्रिकेट. अंगणातून चालत गेलं की कुठल्या घरात कोण टीव्हीसमोर आहे ते सांगता यायचं. टार्गेट ऑडियन्स हा शब्द मी पुढे नोकरीत पहिल्यांदा ऐकला, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ते अंगण आलं. 1998 मध्ये ‘सीआयडी’ सुरू झाली. ती करणारे बी. पी. सिंग हेही फिल्म इन्स्टिट्यूटचेच, बाबांना सांगायला हवं होतं. तिची धून वाजली की सुट्टीला आलेला मामेभाऊ जेवणाच्या ताटासकट टीव्हीसमोर. त्यावर फार बोलण्यासारखं नाही. दरवाजा तुटणार हे त्या धुनेतच कळतं.

‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ जुलै 2000 मध्ये आली आणि काकूचं घर तिनं जिंकलं. तिची शीर्षकं मी तेव्हा टिंगल करत पाहिली, आता जरा आदरानं पाहतो. तुळशी घराचं दार उघडते आणि सामोरी येते. म्हणजे आपण उंबऱ्याबाहेर उभे, पाहुणे, आणि सून आपल्याला आत घेतेय. मग विराणी कुटुंबातलं एकेक माणूस, नटूनथटून, कॅमेऱ्याकडे बघत. लग्नाचा अल्बमच. आम्ही म्हणायचो, यात गोष्ट काय आहे? पण त्या शीर्षकांचा उपयोग गोष्ट सांगण्यासाठी नव्हताच. ती त्या घराची शिधापत्रिका होती. कुणाचं नाव कमी झालं, कुणाचं चढलं, हे काकू त्यात वाचायची. तुळशीचा नवरा मिहिर आधी अमर उपाध्याय होता, मग इंदर कुमार, मग रोनित रॉय. कथेत काय सबब द्यायची ते लेखक बघतील, काकूला शीर्षकांतच सगळं समजलेलं असायचं. एकदा तिनं फोन करून आईला सांगितलं, “अहो वहिनी, मिहिर बदलला.” आई म्हणाली, “कोण मिहिर?” आई ‘आभाळमाया’ची. दोन जावांमध्ये तेव्हा दोन पक्ष होते म्हणा ना.

आता ‘आभाळमाया’चं गाणं घ्या. मंगेश कुळकर्णींचे शब्द, अशोक पत्कींची चाल. त्या गाण्यात सासू नाही, सून नाही, घर नाही, दार नाही, एकाही पात्राचं नाव नाही. ओळींची सुरुवात क्रियापदांनी होते. जडणं, लागणं, बुडणं, ढळणं, सुटणं. कर्ता मागून येतो. हे गाणं ऐकून मालिकेतली सुधा जोशी नोकरी करते का, तिचा नवरा कसा आहे, काहीही कळत नाही. तरी आमच्या आईला पहिल्या आठवड्यात कळलं, की हे आपल्यासाठी आहे. आई तेव्हा बँकेतून साडेपाचला सुटायची, डेक्कनवरून बसनं यायची आणि साडेसहाला कुकर लावायची. तिला दार उघडून आत या म्हणणारं कुणी नको होतं, तिचीच दारं तिला पुरत होती. तिला दिवसभरात काय जडलं आणि काय सुटलं याचे शब्द हवे होते, तेही पोळ्या लाटताना कानावर पडतील इतके छोटे. पत्कींचा हात जाहिरातींच्या जिंगलवर बसलेला. अर्ध्या मिनिटात बाईला स्वयंपाकघरातून बाहेर कसं आणायचं हे जिंगल करणाऱ्याला माहीत असतं. फरक इतकाच, की जिंगल तिला साबण घ्यायला बाहेर बोलावते.

पुढे ‘वादळवाट’ आली, त्याच जोडीचं गाणं घेऊन. त्या सुमारास माझं लग्न झालं. बायको म्हणाली, “तुमच्याकडे टीव्ही गाण्यापुरताच लावतात का?” कारण गाणं संपलं की निम्मं घर आपापल्या कामाला परत जायचं.

मग शीर्षकं आखडत गेली. पहिल्या भागाला पूर्ण कडवं, महिन्याभरानं ध्रुवपद, वर्षानं नुसतं नाव झळकतं आणि खालून एक सतारीचा तुकडा. आता मालिका ‘मागील भागात’नं सुरू होते, मग थेट भांडण, भांडण ऐन रंगात आलं की मालिकेचं नाव, की जाहिराती. कारण रिमोट. ज्याच्या हातात रिमोट आहे त्याला हाक मारायची नसते, धरून ठेवायचं असतं. आईनं पहिल्यांदा असा भाग पाहिला तेव्हा ती खरंच गोंधळली. “मी उशिरा आले का?” म्हणाली. उशिरा येणाऱ्यांसाठी काही ठेवलंच नव्हतं.

माझा एक संशय आहे, आणि तो मी वास्तुविशारद मित्रापाशी बोलून दाखवला तेव्हा तो खूप हसला. शीर्षकगीत रिमोटनं मारलं ते निम्मंच. उरलेलं मारलं ओपन किचननं. आमच्या आताच्या घरात ओट्याशी उभं राहून टीव्ही दिसतो. मग बोलवायचं कुणाला? ज्या भिंतीनं आईला मालिकेपासून तोडलं होतं, त्याच भिंतीमुळे कुणाला तरी तिच्यासाठी गाणं करावं लागलं.

माझी लेक सतरा वर्षांची आहे आणि तिच्या कानात हेडफोन असतात. तिच्या खोलीवरून गेलं तर काहीही ऐकू येत नाही. अंगणाची शेवटची खूणही गेली. शीर्षकं वगळायचं बटण नेटफ्लिक्सनं 2017 मध्ये आणलं आणि 2022 मध्ये त्यांनीच सांगितलं, की ते दिवसाला 13 कोटी 60 लाख वेळा दाबलं जातं, त्यातून प्रेक्षकांची मिळून 195 वर्षं वाचतात. रोज 195 वर्षं! मी लेकीला म्हटलं, “त्या वर्षांचं करता काय तुम्ही?” ती म्हणाली, “पुढचा एपिसोड बघतो.” तिचंही बरोबर आहे. एका रात्रीत पाच भाग पाहणाऱ्याला पाच वेळा हाक मारली तर तो वैतागेलच. पण ‘गेम ऑफ थ्रोन्स’ची शीर्षकं ती वगळत नाही, हे मी पाहून ठेवलंय. विचारलं तर म्हणाली, “त्यातला मॅप बदलतो ना बाबा. आज कुठं जायचंय ते त्यात असतं.” बदलणारं असेल तर बघू, नाहीतर दाब बटण. काकूची शिधापत्रिका आणि हा नकाशा यात मला फारसा फरक दिसला नाही, पण तसं तिला म्हणालो असतो तर संभाषण संपलं असतं.

मागच्या महिन्यात आईला बरं नव्हतं. आता तिला ऐकू कमी येतं, यंत्र लावायचा कंटाळा करते. दुपारी तिच्याजवळ बसलो होतो. काय बोलायचं ते सुचेना, म्हणून फोनवर ‘आभाळमाया’चं शीर्षक शोधून काढलं. म्हटलं, हिनं हे कधी बघितलेलंच नाही, निदान कशी होती चित्रं ते तरी बघू दे. आवाज पूर्ण वाढवला, पडदा आडवा केला, चष्मा तिच्या हातात दिला आणि फोन पुढे धरला.

पहिला सूर लागला तशी तिनं चष्मा उशीजवळ ठेवून दिला, फोन माझ्या हातातून घेतला आणि कानाला लावला.

“अगं आई, चित्र आहे त्यात. बघ ना.”

“असू दे,” ती म्हणाली, आणि दुसऱ्या हातानं मला गप्प बस अशी खूण केली.